कचेरीतील यंत्रभय



ज्या सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या नोकरीचा बहुतेक काळ एका बँकेच्या खतावणीवर गेला, आणि ते निवृत्त होण्यापूर्वीच ती खतावणी कायमची मिटून दप्तरखान्यात जाऊन पडली. तेव्हा कचेरीत आलेले यंत्र आणि त्या यंत्रापुढे बसविलेला नोकरमाणूस, या विषयावर आज बोलणे अप्रस्तुत होणार नाही असे मला वाटले. विषय शिळा झाला, असे काही तरुण मित्रांनी मला आडून सुचविले. त्यांचे म्हणणे असे की, आज शाखेत रुजू होणारी मुलेमुली लहानपणापासून यंत्राशी खेळलेली असतात. त्यांना संगणकाचे भय ते कसले? म्हणणे वरवर खरे आहे. परंतु हीच मुलेमुली जेव्हा खिडकीपलीकडच्या खातेदाराला ‘सिस्टिम घेत नाही’ असे सांगतात, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जो एक ओशाळा, किंचित धास्तावलेला भाव उमटतो, तो त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांच्या मुद्रेवरही मी पाहिलेला आहे. आणि म्हणून त्याची थोडी चिकित्सा करावी अशी माझी इच्छा आहे.

या भावाला ‘संगणक-चिंता’ असे शास्त्रीय नाव देऊन त्याची मोजदाद करण्याचा प्रघात अमेरिकेत गेल्या शतकाच्या नवव्या दशकात पडला. क्रेग ब्रॉड या मानसोपचारकाने १९८४ साली ‘टेक्नोस्ट्रेस’ नावाचा ग्रंथ लिहिला. १९८७ साली हाइन्सेन, ग्लास आणि नाइट या त्रयीने १९ विधानांची एक मापनश्रेणी सिद्ध केली, जिच्यातील प्रत्येक विधान आपणांस कितपत लागू पडते हे उत्तर देणाराने अंकांत सांगावयाचे आणि त्या अंकांच्या बेरजेवरून त्याच्या चिंतेची पातळी ठरवावयाची. पुढे १९८९ साली फ्रेड डेव्हिस यांनी प्रश्न उलट बाजूने विचारला: माणूस यंत्र का टाळतो हे सोडून तो ते का स्वीकारतो हे पाहू. त्यांच्या उत्तराचे सार असे की, हे यंत्र माझ्या कामास कितपत उपयोगी आहे आणि ते चालविणे मला कितपत सोपे जाईल, या दोन समजुतींवर सारे अवलंबून असते, आणि त्यांतही उपयुक्ततेचे पारडे सुलभतेहून जड असते. २००३ साली विश्वनाथ वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आठ उपपत्तींचा समन्वय करून एकच उपपत्ती मांडली, तेव्हा चिंतेला स्वतंत्र कारणाचे स्थान उरले नाही. तिचा जो काही परिणाम व्हावयाचा तो ‘हे सोपे की कठीण’ या समजुतीत सामावला जातो, असा निर्वाळा त्यांनी दिला.

या विद्वानांविषयी मला आदर आहे, आणि सक्तीचा वापर व ऐच्छिक वापर यांत अंतर असते हे वेंकटेश प्रभृतींनी नोंदलेही आहे. तथापि ही मापे कोणाच्या अंगावर बेतली गेली हे विसरून चालणार नाही. डेव्हिस यांनी ज्या १५२ जणांना प्रश्न विचारले त्यांपैकी काही टोरांटो येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेतील नोकर होते आणि बाकीचे बॉस्टन विद्यापीठातील व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी. हाइन्सेन यांची माणसे मानसशास्त्राच्या वर्गातील होती. यांपैकी विद्यार्थ्याच्या हातून कळ चुकली तर फार तर त्याचा पाठ फिसकटला असता. संध्याकाळी रोकड जुळली नाही म्हणून तिजोरीला कुलूप लागावयाचे थांबले नसते, दुसऱ्या दिवशी खुलासा मागणारा कागद टेबलावर आला नसता, आणि तूट वेतनातून वसूल झाली नसती. आपल्या कचेऱ्यांतील कारकुनाचे भय या तीन गोष्टींत साठलेले आहे, आणि प्रश्नावलीत नेमक्या याच गोष्टी नाहीत.

आपल्याकडील इतिहास पाहिला तर भयाचा पहिला अवतार सामुदायिक होता आणि तो उपजीविकेसंबंधी होता. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने दहाएक वर्षांतच इलेक्ट्रॉनिक संगणक बसविण्याचे मनावर घेतले, तेव्हा विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध देशव्यापी चळवळ उभारली, आणि कलकत्त्याच्या इलॅको हाऊसमध्ये यंत्र बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी त्या इमारतीवर पहारा ठेवला. आज या प्रसंगाची थट्टा करण्याची रीत आहे. मला ती रीत पसंत नाही. ज्या देशात एका कारकुनाच्या जागेसाठी शेकडो पदवीधरांचे अर्ज येत, तेथे शंभर कारकुनांचे काम करणारे यंत्र येत आहे हे ऐकून कोणी आनंदाने हार घेऊन उभा राहिला असता तर मला त्याच्या शहाणपणाविषयी संशय आला असता. केंद्र सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक वि. म. दांडेकर यांच्याकडे होते, आणि १९७२ साली सादर झालेल्या तिच्या अहवालाचा कल, संगणकाचा प्रवेश निवडक व नियंत्रित असावा, याच बाजूचा होता. दांडेकर हे काही यंत्राला भिणारे गृहस्थ नव्हते; संख्याशास्त्रात त्यांची हयात गेली होती.

बँकांच्या बाबतीत कोंडी फुटली ती वाटाघाटींनी. सप्टेंबर १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा पहिला करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने चक्रवर्ती रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला. त्यानंतर १९८७ आणि १९९३ साली पुढचे करार झाले. यंत्रे कोठे, किती आणि कोणत्या कामापुरती बसवावयाची, ती चालविणाऱ्यास विशेष भत्ता काय द्यावयाचा, आणि कोणाचीही नोकरी त्यापायी जाणार नाही, या मुद्द्यांवर कलमे पडली, आणि ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ या लांबलचक नावाने संगणक शाखेत आला. मानसशास्त्राच्या ग्रंथांत स्वीकृती ही व्यक्तीच्या अंतःकरणात घडणारी क्रिया असते. आपल्याकडे ती दोन पक्षांनी सह्या केलेल्या कागदावर घडली, आणि माझ्या मते ती तेथे घडली म्हणूनच टिकली. करारात दिलेला शब्द पाळलाही गेला, कारण यंत्र आले म्हणून कोणाला कामावरून काढले गेले नाही. मात्र २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. ही माणसे कोणत्याही स्वीकृती-मापनाच्या तक्त्यात येत नाहीत, कारण प्रश्नावली भरून घेतली जाते ती जागेवर उरलेल्यांकडून.

आता मी ज्याला भयाचा दुसरा अवतार म्हणतो त्याकडे वळतो. तो समजण्यासाठी खतावणी सांभाळणाऱ्या कारकुनाचे जुने काम थोडे तपशिलाने पाहावे लागेल, आणि ज्यांनी ते केले आहे त्यांनी मला क्षमा करावी.

धनादेश हातात आला की टोकन द्यावयाचे, खातेदाराचे पान उघडावयाचे, शिल्लक पाहून रक्कम नावे टाकावयाची, आणि मग ती खतावणी अधिकाऱ्यापुढे सहीसाठी जावयाची, हा झाला दिवसाचा क्रम. पुष्कळशा खातेदारांच्या सह्या कारकुनाला नमुना-पत्रक न पाहता ओळखता येत. कोणाची पेन्शन कोणत्या तारखेस जमा होते आणि कोणाचा धनादेश महिनाअखेरीस परत जाण्याचा संभव आहे, हेही त्याला ठाऊक असे. परंतु त्याच्या विद्येचा खरा कस लागे तो शिलकांची तेरीज काढून सर्वसाधारण खतावणीशी ताळा घेण्याच्या वेळी. फरक निघाला की दिवेलागणीनंतर शाखेत चहा येई आणि शोध सुरू होई. फरकाला प्रथम नवाने भागून पाहावयाचे. निःशेष भाग गेला तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असली पाहिजे, म्हणजे ६३ चे ३६ लिहिले गेले असतील आणि २७ चा फरक पडला असेल. फरकाची निमपट करून ती रक्कम दिवसाच्या कीर्दीत सापडते का पाहावयाचे. सापडली तर जमेची रक्कम नावे किंवा नावेची जमा पडलेली असणार. याही वाटा खुंटल्या तर मागील पानावरून पुढे आणलेल्या बेरजा तपासावयाच्या. कित्येकदा हा फरक काही पैशांचा असे, आणि तो स्वतःच्या खिशातून भरून घरी जावे असा मोह कोणालाही व्हावा. पण तसे करणे हा अपराध समजला जाई, कारण लहान फरकाच्या पोटात परस्परविरुद्ध दिशांच्या दोन मोठ्या चुका दडलेल्या असू शकतात.

हे सर्व मी कौतुकासाठी सांगत नाही. त्या पद्धतीत काळाचा अपव्यय भयंकर होता, खातेदार तासन्‌तास बाकावर बसून राही, आणि ताळा कित्येक महिने न मिळालेल्या शाखा काही थोड्या नव्हत्या. मला दाखवावयाचे आहे ते इतकेच की, त्या कारकुनावर चुकीची जबाबदारी होती आणि ती चूक हुडकून काढण्याची साधनेही त्याच्याच हातात होती. प्रत्येक आकडा कोणाच्या अक्षरातला हे दिसत असे. नऊचा आडाखा, निमपटीचा आडाखा, लाल शाईची खूण, ही सगळी त्याची स्वतःची आयुधे होती. यंत्र आले तेव्हा चूक करण्याची पात्रता त्याच्याकडे राहिली, तिचा जाब देणे त्याच्याकडे राहिले. मधली आयुधे मात्र गेली. पडद्यावर आकडा उमटतो तो बहुधा बरोबरच असतो, याविषयी त्याला शंका नव्हती. तो चुकीचा असेल त्या दिवशी ते आपल्याला कळणार कसे आणि सिद्ध करता येणार कसे, ही त्याची शंका होती, आणि तिला ‘चिंता’ हे रुग्णालयातले नाव देणे मला अन्यायाचे वाटते.

शोशाना झुबॉफ या विदुषीने १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कागदाच्या लगद्याच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या लोकांचे जे निरीक्षण केले आहे ते येथे आठवते. गिरणीतला कामगार लगदा हाताने चाचपून, वासाने पारखून त्याची अवस्था सांगत असे. त्याला उचलून काचेच्या खोलीत बसविले आणि आकड्यांकडे पाहून निर्णय घ्यावयास सांगितले, तेव्हा समोरचे आकडे कारखान्यातल्या खऱ्या वस्तूंविषयी बोलत आहेत यावर त्याचा विश्वास बसेना. कचेरीतील स्त्रियांना तिने यंत्रापूर्वीचे आणि यंत्रानंतरचे आपले काम चित्रात काढावयास सांगितले, तर कित्येकींनी नंतरच्या चित्रात स्वतःला खुर्चीशी जखडलेले दाखविले. १९ विधानांच्या श्रेणीपेक्षा या ओबडधोबड चित्रांतून मला अधिक कळले.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे, कारण तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. नवे काम शिकावयाचे म्हणजे अज्ञान कबूल करावयाचे, आणि ते कोणापुढे कबूल करावयाचे याला आपल्या कचेऱ्यांत फार महत्त्व असते. पंचवीस वर्षांच्या नोकरीच्या हेड क्लार्कला प्रशिक्षण वर्गात कालपरवा लागलेल्या मुलाशेजारी बसविले आणि ‘कोणाला काही शंका?’ असे विचारले, तर तो हात वर करीत नाही. वर्गाहून परत आल्यावर मात्र जेवणाच्या सुट्टीत तोच शेजारच्या खिडकीवरील मुलीला हळूच म्हणतो, ‘अहो जोशीबाई, ते कालचं पुन्हा एकदा दाखवा बरं,’ आणि ती ‘अण्णा, हे असं’ म्हणून दाखवून देते. माझ्या पाहण्यात खरे शिक्षण झाले ते बहुतांशी या पद्धतीने, आणि वर्गांवर झालेला खर्च हा हजेरीपटाच्या शोभेसाठी झाला असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

भय निवारण्याचा एक उपाय मात्र त्या पहिल्या काळात अभावितपणे होऊन गेला. यंत्र बसविल्यावर काही काळ हाताची खतावणी आणि यंत्राची नोंद ही दोन्ही कामे समांतर चालविली जात. काम दुप्पट झाले म्हणून तेव्हा कुरकुर झाली, ती रास्तही होती; पण रोज संध्याकाळी आपल्या अक्षरातली शिल्लक आणि यंत्राने छापलेली शिल्लक शेजारी ठेवून पाहता पाहता कारकुनाच्या मनात यंत्राविषयी विश्वास बसला, आणि जेथे फरक निघाला तेथे यंत्रात भरताना नेमके काय चुकते हेही त्याला कळले. यंत्राची तपासणी तो करीत होता! पुढे कोअर बँकिंग आले तेव्हा शनिवारी संध्याकाळी शाखा जुन्या पद्धतीने बंद झाली आणि सोमवारी सकाळी नव्या पद्धतीने उघडली. शिलका दूरच्या शहरातील एका केंद्रात जाऊन बसल्या. त्या सोमवारी खिडक्यांवर जी तारांबळ उडाली तिचे खापर कर्मचाऱ्यांच्या वयावर फोडण्यात आले. वयापेक्षा समांतर लेखनाचा अभाव हे कारण मला अधिक बलवत्तर वाटते.

हे भय काल्पनिक नाही, याचा पुरावा मी इंग्लंडातून देतो. तेथील टपालखात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक-प्रणाली बसविली. गावोगावची टपाल-शाखा चालविणारे जे उप-पोस्टमास्तर, त्यांच्या हिशेबात अकल्पित तुटी दिसू लागल्या. करारान्वये तूट त्यांनी भरून द्यावी असा खात्याचा आग्रह. मूळ नोंदी पाहण्याची सोय त्यांना नाही. आणि मदतीसाठी दूरध्वनी केला तर, अशी तक्रार करणारे तुम्हीच एकटे, असे उत्तर कित्येकांना मिळाले. कोणी घर गहाण टाकून तूट भरली. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोकांवर चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब लिहिणे या आरोपांखाली गुन्हे शाबीत झाले, आणि काही जण तुरुंगात गेले. ५५५ जणांनी एकत्र येऊन लावलेल्या दाव्यात २०१९ साली उच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्रणालीतच दोष होते, आणि शाखाचालकाच्या नकळत तिच्यातील नोंदी दुरून बदलता येत होत्या. मे २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. यांपैकी एखाद्या पोस्टमास्तरीणबाईला तिच्या संकटाच्या वर्षी हाइन्सेन यांची प्रश्नावली दिली असती तर तिची चिंता पराकोटीची निघाली असती, आणि बहुधा तिला उजळणी वर्गास पाठविण्याची शिफारस झाली असती.

आपल्या राज्यातही या प्रश्नाचे एक जिवंत उदाहरण चालू आहे. तलाठ्याचे दप्तर, म्हणजे सातबारा, आठ-अ आणि फेरफाराची नोंदवही, हे शतकाहून अधिक काळ हाती लिहिले गेले. त्याचे संगणकीकरण झाले तेव्हा हस्तलिखित उताऱ्यातील नावे, क्षेत्रे आणि हिस्से यांचा पडद्यावरील नोंदींशी सर्वत्र मेळ बसेना, म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी-वाचनाची मोहीम घेऊन लोकांसमक्ष उतारे वाचून दाखवावे लागले. आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. सामान्य खातेदाराचे हेलपाटे त्यामुळे वाचले, यात शंका नाही. परंतु तलाठ्याच्या बाजूने पाहा. पूर्वी तो जी सही करी ती आपण लिहिलेल्या कागदाखाली. आता त्याची स्वाक्षरी ज्या नोंदीला चिकटते ती कधीकाळी दुसऱ्याच कोणी, बहुधा कंत्राटावरील मुलाने, भरलेली असते. हिस्सा चुकला म्हणून भांडण घेऊन आलेला शेतकरी भाऊसाहेबांच्याच सजात येतो, भरणाराकडे जात नाही. दुरुस्ती करावयाची तर कलम १५५ खाली तहसीलदारांचा हुकूम पाहिजे. आणि हुकूम झाला तरी त्या दिवशी सर्व्हर चालू असला पाहिजे. अशा स्थितीत एखादा तलाठी नोंद प्रमाणित करावयास कचरतो तेव्हा त्याला ‘तंत्रज्ञानविन्मुख’ ठरविणे फार सोपे आहे.

उलट दिशेचे उदाहरणही आहे, आणि ते मला अधिक चिंताजनक वाटते. बँकांत नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा, अशी योजना असते. गर्दीच्या वेळी मंजुरी देणारा अधिकारी आपला परवलीचा शब्द शेजारच्या कारकुनाला सांगून ठेवतो आणि स्वतः साहेबांच्या खोलीत बैठकीस जाऊन बसतो, हा प्रकार अनेक शाखांत मी पाहिला आहे. प्रश्नावलीच्या दृष्टीने हा अधिकारी आदर्श ठरेल. त्याला यंत्राची भीती नाही, त्याला ते उपयुक्त वाटते आणि सोपेही वाटते. शाईची सही त्याने कोणाला उसनी दिली नसती. हा शब्द तो देतो, कारण त्या शब्दामागे आपली जबाबदारी आहे ही जाणीवच त्या यंत्राने पुसट केली आहे. भय नाहीसे होणे ही प्रत्येक वेळी इष्टापत्ती असतेच असे नाही.

मग करावयाचे काय? व्यवस्थापनांनी मानसशास्त्रज्ञांना बोलवावे, माझी हरकत नाही. माझी सूचना रुक्ष आणि कारकुनी आहे. १९८३ च्या करारात यंत्रांची संख्या आणि भत्ता यांविषयी कलमे पडली तशी, नवी प्रणाली आणताना चुकीविषयी एक कलम पडावे. प्रणालीच्या नोंदींचा मूळ माग कर्मचाऱ्याला स्वतः पाहता यावा. त्याने हरकत नोंदविली तर तिला क्रमांक आणि तारीख मिळावी, आणि तशाच हरकती अन्यत्र कोठे आल्या आहेत हे त्याच्यापासून लपविले जाऊ नये. हरकतीचा निकाल होईपर्यंत वसुली थांबावी. आणि दोष प्रणालीचा नाही हे सिद्ध करण्याचा भार ती पुरविणाऱ्यावर व बसविणाऱ्यावर असावा. आज कर्जाचा अर्ज मान्य करावयाचा की नाही हेही यंत्र गुणांकन करून सांगू लागले आहे, आणि तो नाकारला का गेला हे खिडकीवरील अधिकाऱ्याला माहीत नसते, तरी अर्जदाराच्या प्रश्नाला तोंड त्यालाच द्यावे लागते. तेव्हा हे कलम केवळ रोकड आणि शिलकांपुरते न ठेवता यंत्राने घेतलेल्या प्रत्येक निर्णयाला लागू करावे लागेल, आणि त्याचा मसुदा करताना विधिज्ञ व तंत्रज्ञ यांच्याबरोबर, खिडकीवर बसलेला निदान एक तरी माणूस त्या मेजाशी असला पाहिजे.